यात्रा, जत्रा आणि सहल



तामलवाडी हे वाटेवरचे गाव आहे. सोलापूर सोडून तुळजापूरकडे निघालेला माणूस आपल्या वेशीवरून पुढे जातो. नवरात्रात आणि पुढे कोजागरीच्या सुमारास भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्यांची या रस्त्याने रीघ लागते. त्यांत सोलापूरकर असतात, कानडी मुलखातले असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायाही असतात. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे प्रवास पाहिले, त्याच गावात ‘मुलाबाळांसह घर सोडून माणसाने कशासाठी जावे’ हा प्रश्न मांडणे उचित होईल, असे आम्हांस वाटते.

प्रथम दूरचा दाखला घेऊ. विलायतेतले साधे नोकरदार कुटुंब वर्ष-दोन वर्षे पैसा साठवते, अटलांटिक महासागर ओलांडते आणि अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो शहरी जाऊन उतरते. तेथे ना देव, ना तीर्थ, ना सोयरेधायरे. मंडळी जातात ती पाळण्यांत बसायला! ऐकून कोणासही हसू येईल. परंतु हसण्यापूर्वी या वेडाचे मूळ पाहिले पाहिजे.

वॉल्ट डिस्ने हा चित्रपटांचा धंदा करणारा गृहस्थ. तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या एका बागेत चक्रीपाळण्यावर नेई. मुली पाळण्यात आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला, असा तो क्रम. मुलांना आणि आईबापांना एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर सुचला, असे तो पुढे सांगे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. फ्लॉरिडातले त्याहून विस्तीर्ण उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. पण ते पाहावयास डिस्ने राहिला नाही, तो १९६६ सालीच वारला होता.

हे झाले उद्यानाचे. तेथे जाणाऱ्या कुटुंबाच्या सुट्टीची कथा त्याहून जुनी आहे, आणि गंमत अशी की ती आपल्या जत्रेसारख्याच एका जत्रेत सुरू होते. इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चचा वार्षिक उत्सव भरे. लँकेशायरमध्ये कापडगिरण्या निघाल्या, तरी मजूर त्या दिवसांत कामावर येईनात. अखेर मालकांनी हात टेकले, आणि उत्सवाच्या आठवड्यात गिरणी बंद ठेवण्याचा प्रघात पडला. पुढे आगगाडी आली आणि गावेच्या गावे त्या आठवड्यात ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी लोटू लागली. तेथे पाळण्यांचे मोठे उद्यान १८९६ साली निघाले. १८७१ साली बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला, १९३८ साली पगारी रजेचा झाला. मग विमान स्वस्त झाले, आणि ब्लॅकपूलला जाणाऱ्यांची नातवंडे फ्लॉरिडाला पोचली. देव मागे राहिला, जत्रा तेवढी उरली.

आपल्याकडेही सुट्टी कोणी ताटात वाढून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगारास, केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा देऊ केली. आज आपण रविवारी निवांत चहा पितो, त्या निवांतपणामागे एवढी खटपट आहे.

आता आपली जत्रा पाहा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदिध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि होम मैदानावर गड्डा गजबजतो. पाळणे, मौतका कुंआ, भांड्यांची दुकाने, भजी, खेळणी! तेथे फिरावयास तिकीट नाही. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत तोही त्याच गर्दीत आणि त्याच दिव्यांखाली हिंडतो. पाळण्यात बसता आले नाही, तरी पाळणा पाहण्याचे सुख त्याला मिळतेच.

नव्या उद्यानाची रीत निराळी. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड निघाले, ते २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले. तेथे पैसे दारातच भरावयाचे. एकदा आत गेले की बहुतेक खेळांना पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही, बापाची दर पावलाला होणारी घालमेल वाचते, स्वच्छता असते. हे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु ज्याच्यापाशी दारात भरण्याइतके पैसे नाहीत, त्याला पाहण्याचेही सुख नाही. जत्रेने उद्यानापासून स्वच्छता आणि पाळण्यांची कसून तपासणी शिकावी. उद्यानाने जत्रेपासून काय शिकावे, हे सांगावयास नकोच.

श्रोतेहो, याहून जिव्हारी लागणारी एक गोष्ट आहे. आपल्या मराठवाड्यातूनही कुटुंबेच्या कुटुंबे दरवर्षी घर सोडून निघतात. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते. नवरा-बायको, पोरे, भांडी, शेळीसुद्धा. ती ऊसतोडीला चाललेली असतात. त्या पोरांनाही दूरचा मुलूख दिसतो, पण तो उसाच्या फडातून आणि पालाच्या दारातून. शाळा मागे पडते. प्रवास पुष्कळ घडतो, सहल मात्र घडत नाही. विलायतेतल्या मुलाला आणि या मुलाला वेगळे करणारी गोष्ट केवळ पैसा नव्हे. पहिल्याच्या बापाला हक्काची पगारी रजा आहे; दुसऱ्याच्या बापाने एक दिवस कोयता खाली ठेवला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

आणि घरची बाई? तिला रजा नाही. सहलीच्या दिवशी ती पहाटे चारला उठून दशम्या करते आणि दिवसभर पिशव्या राखीत बसते. डिस्नेच्या त्या बाकावर आपल्याकडे आई बसलेली आहे. तिला तेथून उठविणे हे आपल्याच हाती आहे; त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागत नाही.

फ्लॉरिडा दूर आहे, खोपोलीही प्रत्येकाला परवडेल असे नाही. पण नळदुर्ग आपल्याच तालुक्यात आहे. बोरी नदीला बांध घालून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, तेथे पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि बांधाच्या पोटातल्या महालात उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांची ही करामत पाहून कोणते मूल हरखणार नाही? एस.टी.ने जाता येते. तेव्हा येत्या पावसाळ्यात, नदीचा अंदाज घेऊन, एक दिवस ठरवा. भाकऱ्या पुरुषांनी थापाव्यात, पिशव्या त्यांनीच राखाव्यात. आणि शेजारच्या वस्तीतले, बिऱ्हाडाबरोबर फडावर गेलेले एखादे पोर गावी परत आले असेल, तर त्यालाही बरोबर घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.