नोकरीत अन्याय झाला तर तक्रार किती दिवसांत?

(इंदापूर तालुक्यातल्या कार्यकर्ता बैठकीत २५ मे २०१४ रोजी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



आपली बैठक जमिनीची, वनदाव्याची. मग आज नोकरीवाल्यांचा विषय कशाला, असं चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारलं. एक मामा म्हणाले, पगारवाल्यांचं पगारवाले बघतील. मामा, पण पगारवाले कोण हो? आपल्याच पालावरचा पोरगा वनरक्षक झालाय. कुणाची बहीण आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे, कुणाचा भाऊ तहसीलला शिपाई आहे. आणि वनखात्याच्या रोजंदारीवर तर अर्धी वस्ती जाते. रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या बाया, कडबनवाडीच्या माळावर उन्हाळ्यात चिंकारांच्या पाणवठ्यात पाणी सोडणारी माणसं, जाळरेषा काढणारी माणसं, ही सगळी आपलीच. सकाळी वनखात्याच्या मस्टरवर अंगठा आणि संध्याकाळी वनहक्काच्या दाव्यावर अंगठा, अशी आपली गत आहे.

वनदाव्याचे ६० दिवस आता सगळ्यांना पाठ झालेत. ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय समिती, तिथला निकाल पटला नाही तर परत ६० दिवसांत जिल्हा समिती. नोकरीतल्या तक्रारीलाही असेच दिवस बांधलेले आहेत. फक्त ते एका कागदावर लिहिलेले न्हाईत. कुठं ४५ दिवस, कुठं ९०, कुठं तीन महिने, कुठं वर्ष. आणि ते कुणी आपल्याला सांगत न्हाई. सायब लोक सांगणार तरी कशाला?

जे तातडीचं आहे ते आधी बोलते. आपल्या भागातल्या एका रोपवाटिकेवर सात बाया होत्या, सगळ्या आपल्या समाजाच्या. पाच पाच, सहा सहा वर्षं कामाला. ३१ मार्चला त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, काम संपलं. काम संपलेलं न्हाई. त्यांच्या मागून कामाला लागलेल्या दुसऱ्या बाया आजही तिथं पिशव्या भरतात. त्यातल्या एकीनं विचारलं, आम्हीच का? तर उत्तर मिळालं, तुमच्या लोकांवर भरवसा कसा ठेवायचा. गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ साली रद्द झाला म्हणतात. कागदावर झाला असंल. ठिकाणाचं नाव मी आज घेत न्हाई, कारण तक्रार अजून दाखल व्हायची आहे.

महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांना बंदी करणारा. त्यात मालकानं काय काय करायचं न्हाई याची यादीच दिलेली आहे. खोटं कारण दाखवून काढून टाकणं त्यात आहे. एका गटाला झुकतं माप देणं त्यात आहे. माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे फायदे बुडवणं, हेही त्यात आहे. पण तक्रार द्यायची ती घटना घडल्यापासून ९० दिवसांत. ३१ मार्चपासून मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, झाले ६१. राहिले २९. म्हणजे २९ जून. आणि त्या दिवशी रविवार आहे. म्हणून शुक्रवार २७ जूनच्या आत कागद पुण्याला कोर्टात गेला पाहिजे. आज ५५ दिवस गेलेले आहेत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालय तक्रार घेऊ शकतं, तशी सोय त्याच कलमात आहे. पण त्या सोयीच्या जिवावर बसू नका. उशीर का झाला, यावरच वर्ष जातं आणि मूळ अन्याय बाजूला पडतो.

कामावरून काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात, आणि कायम करत न्हाईत किंवा पक्षपात करतात याची औद्योगिक न्यायालयात. कोणतं कलम कुठं लावायचं ते वकील बघतील. दिवस मात्र आपण मोजायचे.

कुणी म्हणेल, वनखातं म्हणजे सरकार, ते काय कारखाना आहे का? हाच मुद्दा सरकारनं सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. आणि तो खटला लांबचा न्हाई, आपल्याच पुणे जिल्ह्यातला. पुण्याला लागून पाचगाव पर्वतीला वनीकरणाची योजना होती. तिथले मजूर पाच-सहा वर्षं आणि त्याहून जास्त रोजंदारीवर राबत होते. ते औद्योगिक न्यायालयात गेले. सरकार म्हणालं, जंगल राखणं हे राज्य चालवण्याचं काम आहे, इथं कामगार कायदा लागू न्हाई. डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे म्हणणं फेटाळलं. या कामाला कामगार कायदा लागतो आणि इतकी वर्षं हंगामी ठेवणं ही अनुचित प्रथाच आहे, असा निकाल दिला. वकील लोक त्याला कोंढरे निकाल म्हणतात. त्यानंतर ३१ जानेवारी १९९६ चा शासन निर्णय आला. नोव्हेंबर १९८९ ते ऑक्टोबर १९९४ या पाच वर्षांत दर वर्षी २४० दिवस भरलेल्या रोजंदारी वनमजुरांना कायम करायचं ठरलं. हे २४० दिवस ध्यानात ठेवा. मध्येच काम थांबवतात, दुसऱ्याच नावानं हजेरी लावतात, ते कशासाठी, ते आता कळलं असंल.

आता कायम नोकरीवाल्यांचं. वनरक्षक, तलाठी, शिपाई, सरकारी आश्रमशाळेतले कर्मचारी, म्हणजे राज्य सरकारचे नोकर, यांच्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. सगळे त्याला मॅट म्हणतात. १९९१ पासून चालू आहे. मुंबई, नागपूर, औरंगाबादला बसतं, आपल्याला मुंबई. बढती डावलली, ज्येष्ठता यादीत खाली ढकललं, आपला माणूस म्हणून मुद्दाम लांब बदली केली, हे सगळं तिथं नेता येतं. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि ग्रामसेवक यांचं मात्र तिथं चालत न्हाई, त्यांचा रस्ता वेगळा आणि शेवटी उच्च न्यायालय. चुकीच्या दारात उभं राहून दिवस घालवू नका, आधी विचारा.

मॅटला जायच्या आधी खात्यातली अपील किंवा अर्जाची पायरी चढावी लागते. खात्याचा शेवटचा हुकूम हातात आला की तिथून एक वर्ष. आणि खातं काहीच बोललं न्हाई तर? अर्ज दिल्यापासून सहा महिने वाट बघायची, त्याच्या पुढं एक वर्ष. समजा १० जून २०१३ ला अर्ज दिला. १० डिसेंबरपर्यंत उत्तर न्हाई. मग १० डिसेंबर २०१४ च्या आत मॅटला गेलंच पाहिजे.

इथंच आपली माणसं बुडतात. अर्ज देतात, मग स्मरणपत्र देतात, मग दुसरं, तिसरं. सायब म्हणतात बघतो, आपल्याला वाटतं प्रकरण चालू आहे. आपण शिस्तीची माणसं, वरच्याला वाईट वाटू नये म्हणून थांबतो. पण प्रकरण चालू नसतं, मुदत चालू असते. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी एस. एस. राठोड यांच्या खटल्यात सांगून टाकलं की कायद्यात नसलेले अर्ज पुन्हा पुन्हा दिल्यानं मुदत वाढत न्हाई. जुन्या मेलेल्या प्रकरणावर खात्यानं आज उत्तर दिलं तरी ते प्रकरण जिवंत होत न्हाई, असंही पुढं २००८ मध्ये ठरलं. जमाती आयोगाला पत्र लिहा, जरूर लिहा, पालकमंत्र्यालाही लिहा. पण त्या पत्रानं मुदत थांबत न्हाई. मोर्च्यानंही थांबत न्हाई, हे आपल्या लोकांना सांगायला मला जड जातं, पण खरं ते खरं.

एक फरक मात्र आहे. पगार चुकीचा बांधला, पेन्शन कमी दिली, असा अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो. तिथं उशिरा गेलं तरी कोर्ट ऐकतं. तरसेम सिंग म्हणून लष्करातला एक माणूस सोळा वर्षांनी अपंगत्वाची पेन्शन मागायला गेला. पेन्शनचा हक्क मिळाला, पण मागची थकबाकी तीनच वर्षांची. हा २००८ चा निकाल. पण बढती आणि ज्येष्ठतेचं तसं न्हाई. तुम्ही झोपला तोवर त्या जागेवर दुसरा बसतो, त्याला उठवायला कोर्ट तयार होत न्हाई. आणि आपल्यावर जातीवरून अन्याय होतो तो बहुतेक बढतीतच होतो.

शिक्षेचा हुकूम निघाला, वेतनवाढ रोखली, बडतर्फ केलं, तर वरच्या सायबाकडं अपील ४५ दिवसांत. हुकुमाची प्रत हातात पडली त्या दिवसापासून मोजायचे. म्हणून सही करताना खाली आपल्या हातानं तारीख घाला. शिपाई म्हणाला मागची तारीख टाक, तर टाकू नका. आणि कागद घेणार न्हाई म्हणून रुसूनही बसू नका, रुसण्यानं दिवस वाचत न्हाईत.

बायांनो, हे आता तुमच्यासाठी, पण पुरुषांनीही ऐका. कामाच्या जागी बाईची छेड काढली, अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, तर त्यासाठी नवा कायदा आला आहे, गेल्या ९ डिसेंबरपासून लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत अंतर्गत तक्रार समिती पाहिजे. समिती नसली किंवा तक्रार सायबावरच असली तर जिल्ह्याची स्थानिक तक्रार समिती. मुदत तीन महिने, पुन्हा पुन्हा घडलं असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात, त्याच्या पुढं न्हाई. रोजंदारीवरची बाईही यात येते. लिहिता येत नसलं तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. माझं मत विचाराल तर तीन महिने फार थोडे आहेत. बाई घरात सांगायलाच तीन महिने लावते. पण कायदा आज तरी असा आहे.

जातीवरून चारचौघांत अपमान केला तर अॅट्रॉसिटीचा गुन्हा, पोलीस ठाण्यात. तिथं असे मोजलेले दिवस न्हाईत. पण उशीर केला की कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो, इतके दिवस कुठं होता. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा, हवालदाराला जबाब दिला म्हणजे तपास झाला असं समजू नका.

कागदांचं थोडं सांगते आणि थांबते. तोंडी तक्रार ही तक्रार न्हाई. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवकचा शिक्का, तारीख, सही. शिक्का देत न्हाईत तर रजिस्टर पोस्टानं पोच पावतीसकट पाठवा आणि ती पावती डब्यात ठेवा, पत्र्यात खोचू नका, पावसाळा तोंडावर आहे. हजेरी मागितली आणि दिली न्हाई तर माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत द्यावी लागते. पण ते ३० दिवस तुमच्या ९० मधूनच जाणार, म्हणून कागद यायची वाट बघत तक्रार अडवून धरू नका. आधी तक्रार, कागद मागून जोडता येतात.

त्या सात जणी, आणि मार्चनंतर ज्यांना ज्यांना असं बंद केलंय ते सगळे, परवा मंगळवारी २७ तारखेला सकाळी आठ वाजता इंदापूर स्टँडवर या. पासबुक, मजुरीच्या पावत्या, हजेरीची वही असली तर वही, जातीचा दाखला, जे असंल ते आणा. काहीच नसलं तरी या, बरोबर काम केलेल्या दोघांची नावं तोंडपाठ करून या. ज्या बाया अजून कामावर आहेत त्यांच्यावर राग धरू नका, त्यांची साक्ष आपल्याला लागणार आहे. गाडीभाडं संघटनेच्या वर्गणीतून. पोरं लहान असतील त्यांनी पोरं घेऊन या, दिवसभर लागंल, भाकरी बांधून आणा.