विद्वत्तेचें मोजमाप

सोन्याचा कस कसोटीवर कळतो, धान्य मापानें मोजतां येतें. परंतु एखाद्या संशोधकानें ज्ञानांत किती भर घातली, हें कोणत्या मापानें ठरवावें? पूर्वी हा निवाडा त्या त्या विषयांतील जाणते लोक करीत. ते ग्रंथ वाचीत, वाद घालीत आणि मग मत देत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संशोधक आणि त्यांचे निबंध यांची संख्या इतकी वाढली कीं, सर्व कांहीं वाचून निवाडा देणें कोणाही एकाला अशक्य झालें. तेव्हां आंकड्यांची मदत घेण्याची कल्पना पुढें आली.

या कल्पनेचें मूळ वकिलीच्या व्यवसायांत सांपडतें. कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढील कोणत्या निकालांत घेतला गेला, याची सूची अमेरिकेंत शेपर्ड नांवाच्या प्रकाशकानें १८७३ सालीं सुरू केली होती. शास्त्रीय निबंधांचीही तशीच सूची करावी, असें यूजीन गारफिल्ड यांनीं १९५५ सालीं सुचविलें, आणि १९६४ सालापासून फिलाडेल्फियाहून ती नियमित निघूं लागली. एखाद्या निबंधाचा आधार पुढें कोणीं घेतला, त्यांतील चूक कोणीं दाखविली, हें शोधणें सोपें व्हावें हा तिचा मुख्य हेतु. परंतु शोधण्याचें साधन हळूहळू तोलण्याचा कांटा बनलें. ज्याचे उल्लेख अधिक, तो मोठा, असा हिशेब सुरू झाला.

२००५ सालीं कॅलिफोर्नियांतील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनीं या हिशेबाला एक सुटसुटीत रूप दिलें. समजा, एका संशोधकाचे पांच निबंध आहेत आणि इतरांनीं त्यांचे अनुक्रमें वीस, नऊ, चार, तीन व शून्य वेळां उल्लेख केले आहेत. निदान तीन उल्लेख मिळालेले निदान तीन निबंध त्याच्यापाशीं आहेत. पण निदान चार उल्लेख मिळालेले निबंध चार नाहींत. म्हणून त्याचा निर्देशांक तीन. एकाच गाजलेल्या निबंधानें हा आंकडा फुगत नाहीं, हा त्याचा गुण. आणि ज्यानें आयुष्यांत एकच अपूर्व निबंध लिहिला, त्याला एकाहून अधिक गुण कधींच मिळत नाहींत, हा त्याचा दोष.

उल्लेखांची संख्या काय सांगते, हें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लाउरी यांचा १९५१ सालचा निबंध तीन लाखांहून अधिक वेळां उल्लेखिला गेला. उलट आनुवंशिकतेच्या द्रव्याची दुहेरी मळसूत्री रचना उलगडणारा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा निबंध, २०१४ सालीं काढलेल्या सर्वाधिक उल्लेखांच्या शंभर निबंधांत नव्हता. पहिला रोजच्या उपयोगाचा, दुसऱ्यानें जीवशास्त्राची दिशा पालटली. आंकड्याला उपयोग दिसतो. दिशा दिसत नाहीं.

सहकार्याची मोजणीही अशीच अवघड आहे. शरदचंद्र श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि पार्कर या तिघांनीं १९५९ सालीं ऑयलरचें १७८२ सालचें एक अनुमान खोटें ठरविलें. तेथें प्रत्येकाचा वांटा ओळखतां येतो. पण हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयींच्या २०१५ सालच्या निबंधाचे लेखक ५,१५४ होते. त्याच्या तेहतीस पृष्ठांपैकीं चोवीस पृष्ठें लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नांवांनींच भरलीं. त्या निबंधाचा प्रत्येक उल्लेख प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण जमा करावा काय?

नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची गोष्ट येथें उद्बोधक आहे. त्यांना विद्यापीठांत जागा नव्हती. बरेंचसें लेखन लहान पुस्तिकांतून व फारशा प्रसिद्ध नसलेल्या नियतकालिकांतून छापलेलें. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत जावें. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या हातीं येते, हें कापरेकरांनीं दाखविलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि त्यांची कीर्ति दूरवर पसरली. आज ‘कापरेकर स्थिरांक’ हें नांव जगभर रूढ आहे. इतकें रूढ, कीं तें वापरतांना मूळ निबंधाचा हवाला देण्याची गरज अनेकांना वाटत नाहीं. कीर्ति वाढली, पण उल्लेखांच्या खात्यावर तिची नोंद नाहीं.

ही चर्चा केवळ पंडितांची नव्हे. नेमणूक, बढती आणि संशोधनाचें अनुदान आंकड्याला बांधलें गेलें, म्हणजे तरुण अभ्यासक दहा वर्षांचा प्रश्न सोडून दहा महिन्यांचा निबंध हातीं घेतो. एका निबंधाचे तीन करतो. मित्रांनीं एकमेकांचे उल्लेख करण्याची प्रथा पडते. मराठी ग्रंथानें मराठी ग्रंथाचा घेतलेला आधार या सूचींत बहुधा येत नाहीं. मग मराठींत संशोधन लिहिणाऱ्यानें काय करावें? सॅन फ्रान्सिस्को येथें २०१२ सालीं जमलेल्या संपादक व प्रकाशकांनीं, निबंध कोठें छापला यावरून त्याची किंमत न करतां त्यांतील मजकूर पाहावा, असें जाहीरपणें सांगितलें, तें याच कारणानें.

माप टाकून द्यावें असें नाहीं. कोठें पाहावें हें आंकडा सांगूं शकतो. काय दिसलें हें मात्र पाहणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें. निवड करणाऱ्यांनीं उमेदवाराचा निर्देशांक विचारण्यापूर्वीं त्याचा एक तरी निबंध वाचावा. त्या वाचनाचें काम कोणत्याही सूचीवर सोंपवितां येणार नाहीं.