रुपयाला विचारायचा प्रश्न



बिलोलीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात आपण अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी ही परिषद घेतलीत आणि अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. नव्या सरकारच्या खर्चाच्या योजना आणि आर्थिक शिस्त या विषयावर बोलताना मला या नांदेड जिल्ह्यानेच राज्याला दिलेल्या एका नेत्यापासून सुरुवात केली पाहिजे.

मार्च 1986 मध्ये शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि 1986-87 पासून महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाची वाट धरली. गेल्या वर्षीच्या तरतुदीत दहा टक्के मिळवून नवा आकडा मांडायचा, ही खात्यांची जुनी सवय. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक योजनेला दरवर्षी नव्याने उत्तर द्यावे लागते: तू कशासाठी आहेस, तुझा हेतू साधला का, तोच हेतू कमी पैशांत साधेल का? उत्तर नसेल तर योजना बंद व्हावी आणि तो पैसा गरजेच्या कामाकडे वळावा.

शिस्त म्हणजे हात आखडणे, असे मात्र शंकररावांनी कधी मानले नाही. जायकवाडी धरणासाठी ते पाटबंधारे मंत्री असल्यापासून झटले. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. गोदावरीवरचे एवढे मोठे धरण सुमारे दहा वर्षांत उभे राहिले. आता आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प पाहा. 1980 च्या दशकात सुरू झालेले हे काम पुनर्वसन आणि घळभरणीत वर्षानुवर्षे अडकून पडले. काम रखडले की भाव वाढतात, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, आणि तेच पाणी कैक पटींनी महाग पडते. मराठवाड्यातली सर्वांत मोठी उधळपट्टी अपूर्ण कामांत आहे, हे माझे आजचे मुख्य सांगणे.

डिसेंबर 2024 मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने 10 मार्च 2025 रोजी सुमारे 7 लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली तूट 45,891 कोटी, तर राज्यावरील कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटी. पुढे चार महिने उलटायच्या आत 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. लाडकी बहीण योजनेमुळे गरीब बाईच्या हाती थेट पैसा जातो, याचे मला मोल वाटते. पण महसुली तूट याचा अर्थ रोजच्या खर्चासाठीही कर्ज काढणे. ते फेडण्याची वेळ येते तेव्हा कात्री प्रथम भांडवली कामांना लागते, आणि विकासाचा अनुशेष असलेल्या भागाला ती अधिक खोल कापते. 1984 च्या दांडेकर समितीपासून 2013 च्या केळकर समितीपर्यंत मराठवाड्याचा हा अनुशेष मोजला गेला. तो भरून निघायचा असेल तर राज्याच्या तिजोरीत भांडवली कामांसाठी पैसा शिल्लक राहिलाच पाहिजे. म्हणून आर्थिक शिस्तीची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात मराठवाड्याने केली पाहिजे.

सरकारकडे माझ्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक योजनेची शून्यापासून तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी. पाऊण काम झालेल्या प्रकल्पांना पूर्ण निधी मिळेपर्यंत नवी भूमिपूजने थांबवावीत. पुरवणी मागण्यांना कायद्याने मर्यादा असावी.

आणि आपल्याकडे एक मागणी. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातल्या अपूर्ण कामांची नोंदवही ठेवावी: मूळ किंमत किती, सुधारित किंमत किती, काम कुठे अडले. विद्यार्थ्यांनी जिल्हा परिषदेचा आणि नगर परिषदेचा अर्थसंकल्प मिळवून तो वर्गात वाचावा. बिलोलीने ही सुरुवात या वर्षीच करावी आणि पुढच्या परिषदेत पहिली नोंदवही आपल्यासमोर ठेवावी, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.