शमुएल आणि सामाजी

वागळे इस्टेटींतून ठाणें शहरांत आलें कीं टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल समाजाचें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर लागतें. ‘स्वर्गाचें द्वार’ हा त्याच्या हिब्रू नांवाचा अर्थ होय.

‘शमुएल’ हें या समाजांतील जुनें नांव. ‘शेम’ म्हणजे नांव व ‘एल’ म्हणजे ईश्वर. म्हणून ‘ईश्वराचें नांव’ असा त्याचा अर्थ लावितात. बायबलांतील हन्ना मात्र ‘देवाजवळ मागून घेतला’ म्हणून पुत्रास हें नांव ठेवते. आपल्याकडील नवसाचा मुलगा तो हाच.

शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक कोंकणांत ‘शनिवार तेली’ म्हणविले गेले. त्यांच्या तोंडीं शमुएलाचा सामाजी व यहेज्केलाचा हसाजी झाला. ईश्वरवाचक ‘एल’ गळाला, मराठी ‘जी’ आला. मग धर्मही गळाला काय? मुळींच नाहीं. सामाजी हसाजी दिवेकर यांनींच १७९६ सालीं मुंबईंतील पहिलें सिनेगॉग बांधिलें. बाजारांत सामाजी म्हणून हांक येई. पण तोराच्या वाचनास बोलावितांना ‘शमुएल बेन यहेज्केल’, म्हणजे यहेज्केलपुत्र शमुएल, असेंच पुकारावयाचें. दोन्ही नांवें खरीं, दोन्ही आपलींच.

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. तेथें शमुएल पुष्कळ. त्यांतला कोंकणचा कोणता, हें आतां आडनांवाचा ‘कर’च सांगतो.