पिकलेला आणि पिकलेलं

माझं लहानपण कोपरगावातलं. बेटात शुक्राचार्यांचं मंदिर, पलीकडे गोदावरी. सप्ताहात कीर्तनकार बुवा अभंगाचा चरण उचलत आणि शेवटच्या शब्दाआधी थांबत. तो शब्द मांडवातून येई. अभंग पाठच असायचा म्हणा. पण निरूपण तर आम्ही पहिल्यांदाच ऐकत असू, आणि तिथेही बुवांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायाबापड्यांच्या माना डोलू लागत.

या पुढे धावणाऱ्या कानाची खूण मेंदूत सापडली ती 1980 साली. कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना वाक्यं एकेक शब्द करून वाचायला दिली. एका वाक्यात गरम पावाला चक्क मोजे फासले होते! असा विसंगत शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक फरक दिसे. शब्द जितका अपेक्षित, तितकी ती लहर लहान, हे पुढे दिसलं.

आपल्या मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, पण तोवर कान रिकामा बसत नाही. ‘आई भाकरी’ म्हटलं की ‘भाजते’, ‘थापते’ असं काहीतरी येणार. ‘आईने भाकरी’ म्हटलं की बहुधा ‘भाजली’. त्या एवढ्याशा ‘ने’ने काळ सुचवला, भाकरीने ‘ली’ ठरवली. धातू तेवढा यायचा राहिला. मला आपल्या व्याकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

लिंगाचंही तसंच. केसी ल्यू-विल्यम्स आणि अ‍ॅन फर्नाल्ड यांनी 2007 मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या तीनेक वर्षांच्या मुलांना दोन-दोन चित्रं दाखवली. दोन्ही नामांची लिंगं वेगळी असली, तर नुसत्या ‘ला’ किंवा ‘एल’ या उपपदाच्या आधाराने मुलांची नजर योग्य चित्राकडे लवकर वळे. लिंगाचा तक्ता त्या मुलांना कुणी शिकवला नव्हता. त्यांनी घरात वाक्यं ऐकली होती.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण फळांची नावं शिकवतो, पण नावं सुटी येतात. माझी नातही तिकडेच वाढते. फोनवर मी तिला म्हणतो, “टोपलीत एक पिकलेलं...” आणि थांबतो. परवा ती म्हणाली, “पेरू!” मग क्षणभर गप्प. मग स्वतःच, “नाही आजोबा, पेरू पिकलेला. तुम्ही केळं म्हणणार होतात.”