आकाशाने नाकारलेली अणुभट्टी



४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बेला भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत, आयडाहोच्या ओसाड माळावर, अणुभट्टीच्या उष्णतेवर विमानाचे जेट इंजिन चालवून दाखवण्यात आले. जमिनीवरच, पण इंजिन फिरले.

जेट इंजिन पुढून हवा ओढते, ती दाबते, इंधन जाळून तापवते आणि मागून वेगाने फेकते. हीच हवा अणुभट्टीने तापवली तर बॉम्बफेकी विमान दिवसच्या दिवस आकाशात राहील, या आशेने अमेरिकी हवाई दलाने १९४६ मध्ये काम हाती घेतले.

घोडे अडले वजनापाशी.

न्यूट्रॉन आणि गॅमा किरण अडवायला शिसे, पाणी, रबर यांचे जाड थर लागतात. साधे विमान इंधन जळेल तसे हलके होते. अणुविमान मात्र जेवढे जड उडणार तेवढेच जड उतरणार. १९५५ ते १९५७ या काळात ‘एनबी-३६एच’ विमानाने पोटात अणुभट्टी घेऊन ४७ उड्डाणे केली. विमान ओढत होती नेहमीचीच इंजिने. तपासायचे होते ते किरणांपासूनचे संरक्षण. वैमानिकांची खोली शिशाने आणि रबराने मढवलेली होती. सोबतच्या विमानात सैनिक असत. अपघात झालाच, तर हवाई छत्रीने उतरून त्यांनी ती जागा वेढायची होती. सोव्हिएत संघानेही १९६१ मध्ये ‘टीयू-९५’वर असेच प्रयोग केले. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकी प्रकल्प बंद केला. तोवर पंधरा वर्षे आणि सुमारे १०० कोटी डॉलर खर्ची पडले होते.

तरी सारेच वाया गेले नाही. विमानासाठीच अमेरिकेतील ओक रिजला १९५४ मध्ये वितळलेल्या क्षारांवर चालणारी भट्टी उभारली होती. थोरियमच्या वापरासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आज त्याच जातीच्या भट्टीचा अभ्यास करते.

भारताने लष्करी अणुभट्टी पाण्यात नेली, आणि ते शहाणपणाचे ठरले. शिशाचा भार समुद्र पेलतो. शिवाय अणुभट्टीला हवा लागत नाही. डिझेल पाणबुडीला मात्र बॅटरी भरण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावेच लागते. भाभा केंद्राने ८३ मेगावॉटची आटोपशीर भट्टी घडवली, तिचा नमुना आधी कल्पाक्कमला चालवून पाहिला. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले यंत्र अभियंते अनिल काकोडकर यांचा या कामात मोठा वाटा आहे. ही भट्टी बसवलेली ‘अरिहंत’ पाणबुडी २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली, तिची भट्टी २०१३ मध्ये पेटली आणि २०१६ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

अशा कामाला अणुशास्त्रज्ञांइतकेच धातू, वेल्डिंग, पंप आणि नियंत्रणयंत्रणा जाणणारे हात लागतात. भाभा केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून तरुण अभियंत्यांना आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या कामासाठी तयार करते. आपल्या नायगाव, बिलोली, देगलूरच्या मुलामुलींनी तिथल्या निवडीसाठी अर्ज भरावा आणि शिक्षकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, ही कळकळीची विनंती.