हात आपलाच, तरी परका

वावरात कापूस वेचता वेचता एखादीला अचानक वाटतं, बोंडाकडे जाणारा हा हात माझा नाहीच. घरी लेकरं बोलतात, पण आवाज कुठूनतरी लांबून येतो. असं होत असलं तरी ती कोणाला सांगत नाही. लोक काय म्हणतील!

डॉक्टर याला ‘डीपर्सनलायझेशन’ म्हणतात. ही करणी नव्हे, बाधा नव्हे. वेड तर नाहीच. आपल्याला नुसतं तसं वाटतंय, हे तिला पक्कं कळत असतं. अतिताण, जुना आघात, जागरण, गांजा अशा कारणांनी हे होतं. क्षणभर तर पुष्कळांना होऊन जातं.

पण यवतमाळात एक गोष्ट बजावून सांगायलाच हवी. कीटकनाशकाच्या फवारणीनंतर घाम फुटला, नजर अंधुक झाली, बोलणं भरकटलं, तर मनाचा खेळ समजू नका, तडक दवाखाना गाठा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक जण दगावले.

परकेपण दाटून आलं की ते तपासत बसू नका, त्यानं वाढतंच. पाय जमिनीवर घट्ट टेका, तोंडावर गार पाणी मारा, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या: घागर, विळा, खाट. घरच्यांनी गदागदा हलवू नये. नावानं हाक मारून जवळ बसावं.

हे परकेपण दिवसचे दिवस हटतच नसेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.